एकदाच टाकलेला फासा

जे कधी घडलेच नाही त्याची आठवण माणसाला राहू शकते काय? आणि राहिलीच, तर तिला आठवण म्हणावे, की मनाने मनाशी मांडलेला लपंडाव? प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटेल. तर्कनिष्ठ माणूस म्हणेल, की आठवण ही घडलेल्या गोष्टीचीच असते. न घडलेल्या गोष्टीची असते ती कल्पना. व्याख्येच्या दृष्टीने हे ठीकच आहे. परंतु माणसे व्याख्येबरहुकूम जगत नाहीत. अमेरिकेत, आणि आता अमेरिकेबाहेरही, अशी पुष्कळ मंडळी आहेत, की जी हंगाम संपला म्हणजे त्यातल्या संस्मरणीय प्रसंगांची उजळणी करतात. कोणता सामना अखेरच्या क्षणी फिरला, कोणाच्या हातून जिंकलेला डाव निसटला, कोणता तळाचा संघ एकाएकी शिखरावर जाऊन बसला, हे ती गहिवरून सांगतात. आणि या साऱ्या प्रसंगांत एकाही मनुष्याने मैदानावर पाऊल ठेवलेले नसते. गवत तुडवले गेलेले नसते, घाम गळालेला नसतो, चेंडूही नसतो. असतात ते केवळ अंक. अमेरिकन फुटबॉलच्या आभासी लीगचा हा प्रकार आहे, आणि हसण्यावारी नेण्यापूर्वी त्याचा थोडा विचार करावा असे मला वाटते.

फुटबॉल म्हटले की आपल्यापुढे पायाने खेळायचा चेंडू उभा राहतो. अमेरिकेतला त्या नावाचा खेळ अगदी निराळा. दोन्ही टोकांना निमुळता असा लांबट चेंडू. शंभर यार्डांचे मैदान आणि त्याच्या दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे पट्टे. प्रत्येक बाजूस अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या टोकाच्या पट्ट्यात शिरले म्हणजे टचडाऊन. त्याचे सहा गुण. या खेळाचा स्वभाव असा, की तो अखंड वाहत नाही. एक चाल, मग विराम. पुन्हा व्यूहरचना, पुन्हा चाल. प्रत्येक चालीचा परिणाम अमुक यार्ड पुढे किंवा अमुक यार्ड मागे असा अंकांत सांगता येतो. म्हणूनच हा खेळ मैदानावरून उचलून टेबलावर, आणि टेबलावरून यंत्रात नेणे इतके सुलभ गेले.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस टुडर नावाच्या कंपनीने थरथरणाऱ्या पत्र्याचे एक मैदान विकायला काढले. वीज सुरू केली की पत्रा कंप पावे आणि त्यावरचे इवलेसे गडी आपोआप चालू लागत, बहुधा भलत्याच दिशेला. पुढे हॅल रिचमन या न्यूयॉर्कच्या गृहस्थाने १९६१ साली 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' या नावाने बेसबॉलचा, आणि १९६८ साली त्याच धर्तीवर फुटबॉलचा टेबलावरचा खेळ बाजारात आणला. खऱ्या खेळाडूंच्या गेल्या हंगामातल्या कामगिरीवरून अंकांचे पत्ते तयार केलेले असत. चढाई करणाऱ्याने चाल ठरवायची, बचाव करणाऱ्याने ती ओळखण्याचा यत्न करायचा, मग फासे टाकायचे आणि पत्त्यावर निकाल वाचायचा. १९८८ साली जॉन मॅडन या नामांकित प्रशिक्षकाच्या नावाने संगणकावरचा खेळ निघाला. त्याची हकीकत मोठी बोलकी आहे. त्या काळच्या घरगुती संगणकाची शक्ती तोकडी. म्हणून कर्त्यांचा विचार प्रत्येक बाजूस सहा-सात गडीच ठेवण्याचा होता. मॅडनने त्याला साफ नकार दिला. अकरा गडी नसतील तर तो फुटबॉलच नव्हे, असे त्याचे म्हणणे. आणि त्या एका हट्टापायी खेळ निघायला काही वर्षे लागली. खोटाच खेळ करायचा, परंतु तो खोटेपणाने करायचा नाही, हा जो आग्रह इथे दिसतो तो लक्षात ठेवावा.

आजच्या आभासी लीगा याच्याही पुढे गेल्या आहेत. काही लीगांत प्रत्येक सभासद एक कल्पित खेळाडू निर्माण करतो. त्याला नाव देतो, वजन देतो, वेग देतो. संघ बनतात, व्यवस्थापक नेमले जातात, करारमदार होतात. हंगामभर सभासद आपल्या खेळाडूची तयारी वाढवू शकतो, संघाचे डावपेच आधी ठरवू शकतो. परंतु सामना एकदा सुरू झाला की कोणाचाही हात तेथवर पोचत नाही. दोन्ही बाजूंनी संगणकच खेळतो. ज्यांनी खेळाडू घडवले तेच प्रेक्षक होऊन पडद्याकडे डोळे लावून बसतात. फलाशेवाचून कर्म करण्याचा हा आधुनिक वस्तुपाठच, असे एखाद्या उत्साही प्रवचनकाराला सुचेल. ते घाईचे होईल, कारण फळाविषयीची आसक्ती इथे इतकी उत्कट असते, की तितकी खऱ्या मैदानाच्या कडेलाही क्वचितच आढळावी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. यंत्रातला सामना दोन तऱ्हांनी चालवता येतो, आणि सारे रहस्य या दोन तऱ्हांमधल्या भेदात आहे. संख्याशास्त्रज्ञ तोच सामना दहा हजार वेळा चालवतो. त्यातल्या किती वेळा अमुक संघ जिंकला हे मोजतो आणि त्यावरून संभव काढतो. या दहा हजार सामन्यांत अद्भुत पुनरागमने होतात, अखेरच्या सेकंदाला चेंडू हातातून निसटतो, दुबळा संघ बलाढ्याला लोळवतो; परंतु यांपैकी एकही प्रसंग कोणाच्या आठवणीत राहत नाही. संख्याशास्त्रज्ञ तो पाहतसुद्धा नाही. लीगवाले तोच सामना, त्याच यंत्रावर, त्याच अंकांनी, फक्त एकदा चालवतात, आणि जे होईल ते पदरात घेतात. पहिल्या पद्धतीने ज्ञान मिळते आणि ते उपयुक्तही असते. आठवण मात्र दुसऱ्याच पद्धतीतून जन्मते. ती कोठून आली? यंत्रातून आली म्हणावे, तर यंत्र दोन्हीकडे एकच आहे. ती आली बाहेरून. 'आम्ही हे पुन्हा चालवणार नाही' असे जे काही माणसांनी मिळून ठरवले, त्यातून ती आली.

खऱ्या मैदानावर हा निश्चय करावा लागत नाही, कारण काळ तो आपल्यासाठी करून ठेवतो. ३ फेब्रुवारी २००८ रोजी न्यू इंग्लंडचा पेट्रियट्स संघ सलग अठरा सामने जिंकून अंतिम सामन्यात, म्हणजे ज्याला तिकडे सुपर बोल म्हणतात त्यात, उतरला. पैजा लावणारेही त्याच्याच बाजूचे होते. न्यूयॉर्कच्या जायंट्सनी त्याला १७-१४ असे हरवले. आणि त्या सामन्यात डेव्हिड टायरी नावाच्या गड्याने उंच उडी मारून चेंडू आपल्या शिरस्त्राणावर दाबून धरला, तो क्षण त्या खेळाच्या इतिहासात कायमचा बसला. हा सामना पुन्हा पुन्हा खेळता आला असता तर बहुतेक वेळा पेट्रियट्सच जिंकले असते, असे म्हणणारे आजही सापडतील. कदाचित ते खरेही असेल. परंतु खेळला गेला तो एकदाच, आणि तो झेल त्या एकदाच खेळण्यातला आहे.

याच संघाची दुसरी एक हकीकत इथे सांगण्यासारखी आहे. २०१५ च्या सुपर बोलपूर्वी मॅडनच्या नावाचा खेळ काढणाऱ्या कंपनीने प्रघाताप्रमाणे तो सामना आपल्या यंत्रावर चालवून निकाल आधीच जाहीर केला. पेट्रियट्स २८, सिॲटलचा सीहॉक्स संघ २४. पेट्रियट्स १४-२४ असे मागे पडतील, तेथून वर येतील, आणि विजयाचा टचडाऊन ज्यूलियन एडेलमन करील, असेही यंत्र म्हणाले. १ फेब्रुवारी २०१५ रोजी ॲरिझोनात खरा सामना झाला आणि तो २८-२४ असाच सुटला; पिछाडी तीच, आणि पेट्रियट्सना आघाडी मिळवून देणारा टचडाऊनही एडेलमनचाच. योगायोग थक्क करणारा आहे खरा. परंतु त्या सामन्याविषयी कोणाही अमेरिकन माणसाला विचारा. तो एडेलमनचे नाव आधी घेणार नाही. सामना संपायला अर्ध्या मिनिटाहूनही कमी अवधी उरला असताना सीहॉक्स विजयापासून एक यार्डावर होते. त्यांनी चेंडू घेऊन धडक मारण्याऐवजी तो फेकला, आणि माल्कम बटलर नावाच्या, खेळाडूंच्या निवडीत कोणत्याही संघाने न घेतलेल्या, पहिल्याच वर्षीच्या पोराने मध्येच झेप घालून तो झेलला. यंत्राने अंक अचूक सांगितले होते. लोकांच्या आठवणीत राहिला तो बटलर. आणि यंत्रावरचा तो आधीचा सामना? तो एक गंमत म्हणून तेवढा नोंदला गेला. त्याच्या निकालावर कोणी आपले काही पणाला लावलेले नव्हते, म्हणून तो अचूक असूनही कोणाचा झाला नाही.

तेव्हा अंक म्हणजे आठवण नव्हे, हे उघड आहे. परंतु आभासी लीगवाल्यांपाशी तर अंकांवाचून दुसरे काहीच नसते. मग त्यांची आठवण कशावर उभी असते?

इथे यंत्राच्या पोटातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. संगणक फासे टाकतो असे आपण म्हणतो, पण तो फासे टाकत नाही. त्याला आरंभी एक संख्या दिली जाते. तिला त्या शास्त्रात बीज हाच अर्थ असलेले नाव आहे. त्या बीजातून ठराविक गणिताने पुढची संख्या, तिच्यातून त्यापुढची, अशी मालिका निघते. मालिका इतकी विस्कळित दिसते की पाहणाऱ्याला ती निव्वळ यदृच्छा वाटावी. वस्तुतः बीज तेच, संघ तेच आणि डावपेच तेच ठेवले, तर सामना पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत जसाच्या तसा पुन्हा होईल. म्हणजे ज्या क्षणी बीज पडले त्याच क्षणी सामना संपला; अखेरच्या सेकंदाला हुकलेली ती लाथ आरंभीच हुकलेली होती. पडद्यासमोर श्वास रोखून बसलेली मंडळी, जे ठरून गेले आहे त्याचीच वाट पाहत असतात. दैव आणि पुरुषकार यांचा वाद आपल्याकडे पुष्कळ झाला, पण दैवाचे इतके स्वच्छ, इतके निर्विकार उदाहरण जुन्या वादपटूंना मिळाले नसेल. आणि तरीही तो श्वास रोखणे खोटे आहे असे मला म्हणवत नाही. ठरलेले असणे वेगळे आणि कळलेले असणे वेगळे. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांनीच मोठा मार्मिक दाखला दिला आहे: विष पोटात गेल्याच्या नुसत्या शंकेने माणूस मरू शकतो. विष असत्य, मरण सत्य. स्वप्नात सर्प चावला. सर्प जागेपणी नाहीसा झाला, परंतु 'मला तो स्वप्नात चावला' हे ज्ञान जागेपणीही बाधित होत नाही. लीगच्या सभासदाने पाहिलेला सामना असा आहे. सामना प्रातिभासिक, त्याने तो पाहिला, त्यासाठी आठवडाभर वाट पाहिली, तीस जणांबरोबर तो हरला, हे सारे व्यवहारातले, तुमच्या-माझ्या दिवसांसारखेच खरे आहे. त्याची आठवण या दुसऱ्या गोष्टीची आहे. तिला कल्पना म्हणणे अन्यायाचे होईल.

मात्र हे सारे एका नाजूक धाग्यावर लोंबकळत असते. ज्याच्या हाती यंत्र असते त्याने निकाल पाहिला, तो त्याला आवडला नाही, आणि त्याने बीज बदलून सामना पुन्हा चालवला, तर? कोणालाही कळणार नाही. मैदानावर अशी चोरी करायची तर पंच फोडावे लागतील, गडी विकत घ्यावे लागतील. इथे एक बोट पुरते. आणि ज्या क्षणी ते बोट हलते त्या क्षणी सारा हंगाम, मागचे हंगामसुद्धा, कथा होऊन बसतात. माझ्या मते या विषयातला खरा नैतिक प्रश्न हा आहे, आणि तो खेळाडूंना नव्हे तर यंत्राच्या रखवालदाराला पडतो.

रॉबर्ट कूव्हर या अमेरिकन कादंबरीकाराने नेमका हाच प्रश्न १९६८ सालच्या आपल्या एका कादंबरीत हाताळला आहे. तिच्यातला खेळ बेसबॉलचा आहे, पण त्याने बिघडत नाही. जे. हेन्री वॉ नावाचा एकटा, मध्यमवयीन हिशेबनीस आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन फाशांच्या साहाय्याने एक संपूर्ण लीग चालवतो. तिचे हंगाम, तिचा इतिहास, तिची पिढ्यान्पिढ्यांची घराणी वहीत नोंदतो. (त्याच्या नावाच्या आद्याक्षरांत यहुद्यांच्या ईश्वराच्या नावाचा ध्वनी ऐकू येतो, हे टीकाकारांनी दाखवले आहे.) डेमन रदरफर्ड हा त्याचा लाडका तरुण गोलंदाज. एके दिवशी फासे असे पडतात, की प्रतिपक्षाचा चेंडू लागून डेमन जागच्या जागी मरतो. वॉने स्वतःच केलेल्या नियमाप्रमाणे मरतो. वॉ रडतो, दारू पितो, कामावर जाईनासा होतो. परंतु फासा तो उलटवीत नाही. इथपर्यंत तो मला मोठा माणूस वाटतो. पुढे मात्र सूडबुद्धी त्याला पेलत नाही. ज्याच्या हातून तो चेंडू सुटला त्या केसीला मारण्यासाठी तो एके दिवशी फासे टाकत नाही. हाताने, हवे ते अंक वर करून, टेबलावर मांडतो. शेवटच्या प्रकरणात वॉ कादंबरीतून नाहीसाच झालेला आहे. अनेक पिढ्यांनंतरचे खेळाडू त्या दिवसाचा प्रसंग दरवर्षी एखाद्या विधीसारखा पुन्हा उभा करतात, आणि तो का करायचा याचा त्यांना नीटसा पत्ता नाही. फासा हाताने मांडणारा कर्ता आपल्याच सृष्टीतून हद्दपार होतो, हे कूव्हरने एकही उपदेशाचे वाक्य न लिहिता दाखवले.

फासा हाताने मांडण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. तथापि द्यूतसभेचे स्मरण झाले की आपण सगळे शकुनीच्या कपटावरच थांबतो. मला त्या प्रकरणातला दुसरा भाग अधिक बोचतो. पहिल्या द्यूतानंतर द्रौपदीला वर देऊन धृतराष्ट्राने सारे परत केले. निकाल रद्द झाला. आणि रद्द झालेला निकाल दुर्योधनाला सोसवेना, म्हणून वाटेवरून पांडवांना पुन्हा बोलावून अनुद्यूत मांडले गेले. एकदा निकाल मागे घेता येतो असे दिसले, की मग कोणताच निकाल टिकत नाही. ज्याला जो खुपतो तो त्याला पुन्हा मांडू पाहतो. धृतराष्ट्राचे ते औदार्य दिसायला सुंदर होते. परंतु ज्या राजाने पहिलाच डाव थांबवायला हवा होता त्याने निकाल लागल्यावर तो पुसला, आणि पुसण्याची वाट सर्वांना दाखवून दिली. उलट अनुद्यूताचा एकच डाव, तोही कपटाचा ठाऊक असलेला, पांडवांनी तेरा वर्षे पाळला. त्यांच्या वनवासाचे महाकाव्य झाले ते फाशामुळे झाले नाही.

हरिश्चंद्राच्या कथेचे लोकांत रूढ असलेले रूप याहूनही टोकाचे आहे. कथेकरी सांगतात, की राजाने राज्यदान केले ते स्वप्नात. सकाळी ऋषी दारात उभा राहिला तेव्हा 'ते स्वप्न होते' एवढे चार शब्द उच्चारले असते तर राज्य, राणी, पुत्र सारे वाचले असते. लहानपणी ही कथा ऐकताना राजा मला थोडा वेडाच वाटे. आता वाटते, की स्वप्नात दिलेला शब्द खरा की खोटा हे स्वप्नावर अवलंबून नसते; जागा झालेला माणूस त्याचे काय करतो यावर असते. ज्या लीगमध्ये व्यवस्थापकाचा स्वतःचा संघ अंतिम सामन्यात एका गुणाने हरतो, आणि तो मध्यरात्री, कोणी पाहत नसताना, तोच निकाल जाहीर करतो, तेथे स्वप्नातले दान पाळले गेले. उपमा फार मोठी झाली, हे मला कळते. राज्य आणि पडद्यावरचा चेंडू यांत अंतर आहे. पण कोणी पाहत नसतानाचा तो क्षण दोन्हीकडे एकाच जातीचा आहे.

एवढे मान्य करूनही एक आक्षेप उरतो, आणि तो खोडून काढण्याची माझी इच्छा नाही. बटलरची झेप शरीराची होती. त्याच्या हाडांना, त्याच्या मानेला धोका होता. यंत्रातल्या गड्याने घेतलेला झेल कितीही थरारक असो, तेथे धैर्य नाही, कारण भिण्याजोगे कोणी नाही. म्हणून आभासी हंगामाच्या आठवणीत उत्कंठा असेल, शोक असेल, संघनिष्ठा असेल. शौर्य मात्र नसते, आणि तो शब्द तेथे वापरणाऱ्याने तो उसना आणलेला असतो. हे खरे. परंतु त्या शौर्याची किंमत काय पडते तेही पाहिले पाहिजे. १९०५ च्या हंगामात अमेरिकेत हा खेळ खेळताना सुमारे १८ तरुण मेले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या निवासस्थानी बोलावून घेतले; आणि १९०६ साली नियम बदलून चेंडू पुढे फेकण्याची मुभा देण्यात आली, जेणेकरून गड्यांची एकाच ठिकाणी होणारी चेंगराचेंगरी मोडावी. टायरीचा झेल आणि बटलरची झेप ज्या फेकीतून जन्मली ती फेक मुळात मृत्यू टाळण्यासाठी या खेळात आली, ही गोष्ट आजच्या प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

मृत्यू कमी झाले. इजा थांबली नाही. पिट्सबर्गचा माइक वेब्स्टर हा आपल्या काळचा अजिंक्य गडी २००२ साली पन्नासाव्या वर्षी वारला, तेव्हा त्याची बुद्धी आणि घर दोन्ही विस्कटून गेली होती. बेनेट ओमालू या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला, आणि डोक्यावर वर्षानुवर्षे बसलेल्या आघातांनी होणारा क्षय त्यात आढळला. २०१७ साली बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी या खेळाच्या सर्वोच्च लीगमधून खेळलेल्या १११ मृत खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मेंदूंत तोच विकार असल्याचे प्रसिद्ध केले. हे मेंदू बहुधा ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती त्यांनीच दान केलेले, म्हणून सर्व खेळाडूंना हे प्रमाण लावता येणार नाही, हे संशोधकांनीही सांगितले आहे. तरी आकडा आकडाच आहे. प्रेक्षकाचा आनंद दुसऱ्याच्या मेंदूतून वसूल होत असेल, तर जिथे कोणाचेच डोके फुटत नाही असा खेळ पाहून गहिवरणाऱ्याला हसण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे?

पण निव्वळ कल्पित लीग आणि खरे मैदान यांच्या मधोमध एक तिसरा प्रकार आहे, आणि मला भीती वाटते ती त्याची. १९६२ साली ओकलंडच्या संघातले एक भागीदार बिल विंकनबाख आणि त्यांचे सोबती यांनी एका नव्या खेळाची कल्पना काढली. खरे खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचे, प्रत्येकाने आपला काल्पनिक संघ बनवायचा, आणि खऱ्या सामन्यात त्या खेळाडूंनी जे केले त्यावरून आपले गुण मोजायचे. मित्रांच्या करमणुकीचा हा खेळ पुढे कोट्यवधींचा झाला. आणि २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खेळांवरच्या पैजांची दारे राज्यांना मोकळी करून दिल्यावर त्याचे सख्खे भावंडही फोफावले. इथे मैदानावरचा माणूस खरा असतो, पण पाहणाऱ्याच्या हिशेबात तो अंक असतो. त्याचा गुडघा मोडला तर पाहणाऱ्याच्या तोंडून पहिला उद्गार 'माझे गुण गेले' असा निघतो. हातातून चेंडू सुटला म्हणून खेळाडूला अनोळखी माणसांकडून शिव्या आणि धमक्या येतात. कल्पित खेळाडूला माणसासारखे वागवणारा सभासद मला निरुपद्रवी वाटतो. माणसाला कल्पित खेळाडूसारखे वागवणारा तसा वाटत नाही. दोघेही अंकांवरच प्रेम करतात, असे म्हणून त्यांना एका पंक्तीत बसवणे चुकीचे आहे.

या दोहोंच्या सीमेवर एक नाव उभे आहे. बो जॅक्सन. फुटबॉल आणि बेसबॉल या दोन्ही खेळांच्या सर्वोच्च लीगांतून एकाच काळात चमकलेला हा गडी १३ जानेवारी १९९१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये सिनसिनाटीच्या संघाविरुद्ध चेंडू घेऊन धावत सुटला. चौतीस यार्ड गेल्यावर मागून एकाने त्याचा पाय धरला. पडताना त्याच्या कमरेचा सांधा निखळला, हाडाचा रक्तपुरवठा तुटला, आणि फुटबॉल त्याच्यापुरता संपला. वय वर्षे अठ्ठावीस. त्याच वर्षाच्या अखेरीस टेक्मो या जपानी कंपनीने अमेरिकेत फुटबॉलचा एक खेळ विकायला आणला, आणि त्यात खऱ्या संघांचा संपूर्ण हंगाम आकडेवारीसह खेळता येई. त्यातल्या जॅक्सनला कर्त्यांनी इतका वेग दिला होता, की तो एकदा सुटला म्हणजे मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारा संघ त्याच्या मागे फरफटत येई. एका पिढीच्या अमेरिकन मुलांच्या आठवणीत जो जॅक्सन आहे तो पुष्कळसा हाच.

खरा जॅक्सन कमरेत कृत्रिम सांधा बसवून १९९३ च्या एप्रिलमध्ये शिकागोच्या बेसबॉल संघातून परतला आणि पहिल्याच फटक्याला त्याने चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. फुटबॉलच्या मैदानावर तो पुन्हा उतरला नाही. आता त्याने साठी ओलांडली आहे. टेक्मोच्या त्या जुन्या खेळाच्या स्पर्धा अमेरिकेत अद्याप भरतात. केस पिकू लागलेली माणसे लहानपणीची ती यंत्रे मांडून बसतात, आणि पडद्यावर चौतीस क्रमांकाचा ठिपक्याठिपक्यांचा गडी चेंडू घेऊन उजव्या कडेने सुटतो. मागून त्याचा पाय धरण्याइतका जवळ सहसा कोणी पोचत नाही.